अंगुस्तानावरच्या आठ रेघा

मित्रांनो, हाताने जाड कापड शिवताना सुईचे बूड बोटात घुसू नये म्हणून मधल्या बोटावर एक छोटी पितळी टोपी घालतात. तिला अंगुस्तान म्हणतात. मी तसेच एक जुने अंगुस्तान आहे. माझी उंची पाऊण इंच. सुई सरकू नये म्हणून माझ्या अंगभर बारीक खळगे आहेत. फक्त काठाजवळ एक गुळगुळीत पट्टी आहे. या हकिगतीचा सगळा संबंध त्या पट्टीशी आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून. माझे बरेचसे आयुष्य खिशात, पिशवीत आणि खणात गेले. तिथून दिसत काही नाही, ऐकू मात्र चांगले येते. मराठी मी म्हातारपणी शिकलो, आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावात, कऱ्हाडच्या एका बाईंच्या बोटावर. ते पुढे येईलच.

माझा जन्म १८४० साली इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा साच्यात दाबायचा, खळगे पाडायचे, काठ दुमडायचा, की एक अंगुस्तान तयार. आम्ही दिवसाला शेकड्यांनी बाहेर पडत होतो. माझ्यात विशेष काही नव्हते.

पुढच्या वर्षी लंडनमधल्या काही सधन स्त्रियांनी आम्हाला डझनांनी विकत घेतले. त्या तुरुंगातल्या बायकांसाठी काम करत. दूरच्या वसाहतीत पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक कैदी स्त्रीला त्या एक पिशवी देत. पिशवीत सुया, दोरा, कात्री, रंगीत कापडाचे तुकडे आणि एक अंगुस्तान असे. समुद्रावरच्या चार महिन्यांत हात रिकामे राहू नयेत, हा हेतू. माझी पिशवी हॅना ब्रूक नावाच्या मुलीला मिळाली.

हॅना एकवीस वर्षांची होती. यॉर्कशरमधल्या एका घरी मोलकरीण होती. मालकिणीच्या दोन चादरी आणि एक शाल चोरून तिने गहाण टाकली. ६ एप्रिल १८४१ रोजी तिला सात वर्षांची शिक्षा झाली. ती समुद्रापार भोगायची होती, म्हणजे तुम्ही ज्याला काळे पाणी म्हणता तेच. खटला मी पाहिलेला नाही. जहाजावर तिने शेजारणीला सांगितला तेव्हा ऐकला. शेजारणीने विचारले, खरेच चोरलेस का? हॅना म्हणाली, चोरले. 

तिला शिवता येत नव्हते. पहिल्या दिवशी तिने मला अंगठ्यावर चढवले. आजूबाजूच्या बायका हसल्या आणि त्यातल्याच एकीने तिला धावदोरा शिकवला. जहाज एकशे बारा दिवसांनी हॉबर्टला लागले. आज त्या बेटाला टास्मानिया म्हणतात. तोवर हॅनाचा टाका सरळ पडू लागला होता.

तिथे कैदी बायकांना एका मोठ्या दगडी इमारतीत ठेवत आणि तिथून वसाहतीतल्या घरांत कामाला पाठवत. घरमालकाची तक्रार आली की बाई परत इमारतीत, थंड पाण्याच्या टाक्यांवर कपडे धुवायला. हॅना दोनदा परत आली. एकदा उलट बोलली म्हणून आणि एकदा तिला दिवस गेले म्हणून.

दर वर्षी ६ एप्रिलला ती मला हातात घेई आणि सुईच्या टोकाने माझ्या गुळगुळीत पट्टीवर एक उभी रेघ ओढी. मग दिव्याची काजळी चरबीत कालवून त्या रेघेत भरी. तिला लिहिता येत नव्हते. हाच तिचा हिशेब होता. सात रेघा झाल्या की सुटका.

त्यात एक रेघ वाढली. ती अशी. इमारतीत हॅनाला मुलगी झाली. दूध तोडल्यावर पोर तिथल्या पाळणाघरात ठेवले गेले आणि हॅनाला चौदा मैलांवरच्या एका शेतघरी कामाला धाडले. १८४५ च्या हिवाळ्यात तिला कोणीतरी सांगितले की पोर आजारी आहे. तिने परवानगी मागितली. ती मिळाली नाही. ती तशीच चालत निघाली. मी तिच्या खिशात होतो. पाळणाघराच्या दरवाज्यावर तिला आत घेतले नाही, उलट पकडले. परवानगीशिवाय काम सोडून गेली, म्हणून तिची शिक्षा एक वर्षाने वाढली. पोर त्याच महिन्यात गेले. हे तिला अकरा दिवसांनी कळले.

१८४९ च्या एप्रिलमध्ये तिने आठवी रेघ ओढली. ती इतरांपासून जरा अंतरावर आणि जास्त खोल आहे. असे का, ते तिने कोणाला सांगितले नाही. त्यानंतर ती मोकळी झाली.

तिने एका सुताराशी लग्न केले, शिवणकामावर संसाराला हातभार लावला, मार्था नावाची मुलगी वाढवली आणि १८८९ साली ती वारली. चाळीस वर्षे मी रोज तिच्या बोटावर होतो. माझ्या आयुष्यातला कामाचा काळ तो. लोक तिच्या टाक्याची तारीफ करत. माझी कोणी केल्याचे आठवत नाही, आणि अंगुस्तानाने ती अपेक्षा ठेवूही नये.

मार्थाने आपल्या मुलीला सांगितले की आजी इंग्लंडहून शिक्षिका म्हणून आली होती. का सांगितले ते समजण्यासारखे आहे. त्या बेटावर कैद्याचे नातवंड म्हणवून घेणे कोणालाच नको होते. ही नात एका आयरिश खलाशाशी लग्न करून १९०४ साली डब्लिनला आली. मीही आलो आणि ही गोष्टही आली. मला काचेच्या कपाटात 'आजीबाई शिक्षिकेचे अंगुस्तान' म्हणून ठेवले गेले. पुढची एकशे सोळा वर्षे मी एकही टाका घातला नाही. एक खोटे वाक्य एवढा काळ टिकलेले मी जवळून पाहिले आहे. ते रोज सांगावे लागत नाही. फक्त खरे काय ते कोणी बोलायचे नाही, एवढे पुरते.

शेवटी मी नोरीनकडे आलो. ती हॅनाच्या नातीची नात. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली, लिक्सलिपमध्ये पन्नास वर्षे राहिलेली, नवरा गेलेला, मुलगा कॅनडात. २०१९ साली हॉबर्टच्या एका दूरच्या नातलगाने तिला कळवले की शिक्षिका वगैरे काही नाही, हॅना ब्रूक ही कैदी होती. अडचण एवढीच होती की त्याच नावाच्या दोन कैदी बायका वर्षभराच्या अंतराने तिथे उतरल्या होत्या. दोघींनाही सात वर्षांची शिक्षा होती. आपली कोणती, हे नोरीनला हवे होते. ऐंशीव्या वर्षी तिला दुसरे काही नको होते. ती मला हातात घेऊन पट्टीवरून नख फिरवत बसे. रेघा झिजल्या होत्या, पण काजळीमुळे अजून काळ्या दिसत. तिची नजर अधू झाली होती. तिने त्या कधी मोजल्या नाहीत. मोजण्यासारखे त्यात काही असेल असे तिला वाटले नाही.

आता सुहासिनीबाई. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिवण शिकवले. त्यांची मुलगी सरिता आणि जावई विनय नोरीनच्या शेजारच्या घरात राहतात. विनय तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सरिताच्या बाळंतपणासाठी बाई फेब्रुवारी २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आल्या. मार्चमध्ये देश बंद झाला, विमाने बंद झाली. एप्रिलमध्ये रेवतीचा जन्म झाला. तीन महिन्यांचे वर्ष होऊ लागले. जावयाच्या घरी इतके दिवस राहायचे म्हणजे बाईंच्या अंगावर काटा येई. विनयला त्या 'विनयराव' म्हणत आणि तो घरात असला की खुर्चीवर पाठ टेकत नसत.

बाळाच्या गोधडीसाठी त्यांनी स्वतःच्या जुन्या सुती साड्या बरोबर आणल्या होत्या. अंगुस्तान मात्र कऱ्हाडलाच राहिले. दुकाने बंद. चार थर साडी शिवता शिवता त्यांच्या बोटातून रक्त येऊ लागले. मागच्या अंगणाच्या भिंतीवरून नोरीनने ते पाहिले आणि घरात जाऊन मला घेऊन आली. मी एका लाकडी चमच्यात बसून, दोन मीटरचे अंतर राखून, भिंतीवरून पलीकडे गेलो. एकशे सोळा वर्षांनी माझ्यावर सुईचे बूड टेकले. जुन्या कामगाराला परत बोलावल्यावर काय वाटत असेल, ते मला माहीत आहे.

त्या उन्हाळ्यात दोघी रोज अकरा वाजता भिंतीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसत. बाईंचे इंग्रजी शाळेतले, मोजून मापून बोलायचे. नोरीनचे बोलणे भरभर, प्रत्येक गोष्ट तिच्या लेखी 'ग्रँड'. पाऊस ग्रँड, गुडघा ग्रँड, कॅनडातून फोन न आलेला रविवारही ग्रँड. बाई साडीवर विनयचा जुना कोट आणि डोक्याला माकडटोपी घालून बसत. नोरीन म्हणे की असा चोर मी अजून पाहिला नाही. बाई म्हणत की असा पाणचट चहा मी अजून प्यायले नाही. आठ महिन्यांत घराबाहेरचे दुसरे कोणी माणूस बाईंशी बोलले नव्हते. सरिता आणि विनय दिवसभर दोन खोल्यांत दोन स्क्रीनसमोर असत. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे बाईंना कशाची भीती वाटली ते त्यावाचून कळणार नाही.

एकदा नोरीनने हॅनाची हकिगत सांगितली. आवाज खाली आणून सांगितली, आतल्या कोणाला ऐकू जाऊ नये तशी. बाईंनी ऐकले, सुई थांबवली आणि म्हणाल्या, "काळं पाणी? अहो, मग मान वर करून सांगा की. आमच्याकडे काळ्या पाण्याला गेलेल्याच्या घरापुढून लोक चपला काढून जायचे."

नोरीनला आधी कळेना. मग बाईंनी समजावले की त्यांच्या देशात ती शिक्षा सरकारविरुद्ध लढणाऱ्यांना होत असे. नोरीन खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली की हिने सरकार उलथवलं नाही, दोन चादरी उचलल्या. पण त्या दिवसापासून ती हॅनाविषयी बोलताना आवाज खाली आणेनाशी झाली.

आता चुकीकडे येतो. नोव्हेंबरमध्ये दिवाळी आली. पुन्हा सगळे बंद होते, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचे नाही. दिवाळीच्या आधी बाईंनी देवाची भांडी घासायला काढली. समई, निरांजन, ताम्हन, घंटा. चिंचेचा कोळ, मीठ आणि वर चिमूटभर रांगोळी. पितळ असे घासतात हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. नोरीनने आपल्याला सहा महिने वस्तू वापरायला दिली, ती काळीमिट्ट परत करायची? सणासुदीला? उसनी आणलेली वाटी रिकामी परत करू नये, तशातलाच तो विचार. त्यांनी मलाही घासायला घेतले.

खळगे चटकन उजळले. पट्टीवरच्या काळ्या रेघा निघेनात. बाईंना तो साचलेला मळ वाटला. त्यांनी जाड सुई घेतली आणि एकेका रेघेतला काळा भाग उकरून काढला. पहिली, दुसरी, तिसरी. मग रांगोळीने पट्टी घासली. काजळी गेल्यावर ज्या पुसट खुणा राहिल्या, त्या रांगोळीने खाल्ल्या. मी सोन्यासारखा चमकू लागलो. बाई खूश झाल्या. मी ओरडू शकत नाही. माझ्यावरून हॅनाची आठ वर्षे पंधरा मिनिटांत गेली आणि मला ताम्हनाशेजारी फडक्यावर वाळत ठेवले.

चार दिवसांनी, गुरुवारी, नोरीन भिंतीशी आली ती हातात कागद घेऊन. हॉबर्टमधल्या एका अभ्यासक बाईंचे पत्र होते. दोघी हॅनांमध्ये फरक करता येईल असे काही त्यांना सापडले होते. त्यांनी विचारले होते की तुमच्याकडच्या वस्तूवर काही खुणा आहेत का आणि असल्या तर किती. नोरीन म्हणाली की आहेत ना, पट्टीवर रेघा आहेत, रविवारी ते अंगुस्तान घेऊन ये, भिंग लावून मोजू. किती असायला हव्यात, ते तिने सांगितले नाही. पत्रात होते, पण ते तिला आधी कोणाला सांगायचे नव्हते. पोस्टातली सवय.

बाई "हो" म्हणाल्या आणि घरात आल्या. त्यांनी मला खिडकीजवळ धरून फिरवून पाहिले. पट्टी आरशासारखी होती.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी ते सांगितले. विनय आधी हसला. म्हणाला, "आई, आमच्या प्लांटमध्ये धुळीचा एक कण सापडला तर चौकशी बसते. तुम्ही तर अख्खा पुरावाच धुतलात."

"अरे, गप्प बस ना," सरिता म्हणाली.

बाईंचा चेहरा पाहून विनयही गंभीर झाला. तो वाईट माणूस नाही. त्याला सासूबाईंचे दुःख थांबवायचे होते आणि इंजिनिअरला जसे सुचते तसे त्याला सुचले. सहा महिने रोज शिवले तर रेघा झिजणारच, तसे सांगायचे. त्यात काय खोटे? प्रश्न चकाकीचा होता. त्यावर उपाय सोपा. उकडलेल्या अंड्याच्या बलकातून गंधकाचा वायू सुटतो. पितळ त्यात दोन दिवस कोंडून ठेवले की काळवंडते.

"तुम्ही काही करू नका, आई. मी करतो."

बाईंनी मला त्याच्या हातात दिले. जावयाने मदत करतो म्हटल्यावर नको कसे म्हणायचे? अशा रीतीने देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने शुद्ध झालेला मी त्याच आठवड्यात अंड्याच्या डब्यात गेलो. डबा बाईंनी स्वयंपाकघरात न ठेवता बूट ठेवायच्या कपाटात ठेवला. दोन दिवस मी त्या वासात काढले. जहाजाच्या तळघरापेक्षा तो वाईट होता असे म्हणणार नाही, पण तुलना मनात आली.

रविवारी सकाळी मला बाहेर काढले तेव्हा मी शंभर वर्षांनी म्हातारा दिसत होतो. विनयने मला उजेडात धरून समाधानाने मान हलवली. बाईंनी मला घेतले, कोट चढवला आणि त्या अकराला भिंतीशी गेल्या.

नोरीनने भिंग तयार ठेवले होते. मी चमच्यातून पलीकडे गेलो. तिने भिंग नंतर घेतले, आधी सवयीने पट्टीवरून नख फिरवले. एकदा फिरवले. मला वळवून पुन्हा फिरवले. नख कुठेच अडले नाही. तिने भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ तशीच राहिली. मग मला मांडीवर ठेवले.

"शिवता शिवता झिजल्या असतील," ती म्हणाली. "तुझा काय दोष. मीच आधी मोजायला हव्या होत्या."

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. बाईंना खोटे बोलण्याचीही गरज उरली नव्हती. समोरच्या बाईने ते स्वतःच बोलून टाकले होते. आता फक्त गप्प राहायचे होते. सहा महिन्यांची मैत्रीण राहणार होती, जावयाचा शब्द राहणार होता, शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या बाईची अब्रू राहणार होती. खोटे टिकायला एवढे पुरते, हे मी आधी सांगितलेच आहे.

"नाही," बाई म्हणाल्या. "झिजल्या नाहीत. मी घासल्या. दिवाळीला. मळ वाटला मला." त्यांचे इंग्रजी अडखळले, मग त्यांनी एकेक शब्द जोडत पुढचेही सांगितले. रांगोळी, सुई, अंड्याचा डबा, सगळे. विनयचे नाव त्यांनी घेतले नाही. अंड्याची कल्पना आपलीच, असे म्हणाल्या. त्या दिवशीचे तेवढे एकच वाक्य खोटे होते, आणि मी ते इथे दुरुस्त करतो.

नोरीनने मला मांडीवरून उचलले. मग तिने विचारले, "किती होत्या?"

"आठ."

"नक्की?"

"आठ. सात जवळजवळ. आठवी लांब, आणि खोल. तिला वेळ लागला. मी एकेक सुईनं काढली ना. मोजल्याशिवाय माझा हात चालत नाही, नोरीनबाई. चाळीस पोरींना सुया वाटायच्या आणि चाळीस मोजून परत घ्यायच्या. तीस वर्षं."

नोरीन उठली. मला घेऊन घरात गेली आणि तिने दार लावून घेतले. निरोप घेतला नाही. बाई थंडीत उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या. मी खिडकीत होतो, म्हणून हे पाहिले.

त्यानंतर नऊ दिवस अकरा वाजता भिंतीपाशी कोणी आले नाही. बाईंच्या घरात काय झाले ते मला माहीत नाही. पुढे त्यांनीच सांगितले म्हणून एवढे कळले की विनय म्हणाला, "आई, तुम्ही सांगितलंत ते बरोबर केलंत. मी तुम्हाला भलतंच सुचवलं." आणि बाई त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्यासमोर खुर्चीला पाठ टेकून बसल्या.

इकडे नोरीनने रविवारीच हॉबर्टला लिहिले होते. तिने आकडा कळवला, आणि तो कसा कळला तेही. हॉबर्टच्या पत्रात काय होते ते आता तुम्हाला सांगतो, कारण नोरीनने ते मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचले. दोघींतली एक हॅना सात वर्षे पुरी करून सुटली होती. तिच्या नावावर एकही तक्रार नव्हती. दुसरीला आठ वर्षे लागली होती. तिच्या नावावर उद्धट बोलणे होते, लग्नाशिवायचे मूल होते, ते गेल्याची तारीख होती आणि परवानगीशिवाय चौदा मैल चालून जाणे होते.

दहाव्या दिवशी नोरीन भिंतीशी आली आणि तिने हाक मारली. बाई आल्या, कोटाची बटणे न लावता. नोरीनने त्यांना दोन्ही हॅनांची हकिगत सांगितली आणि कोणती आपली तेही. मग म्हणाली, "मला राग आला होता. अजून आहे. पण तू सात म्हणाली असतीस तर मला जरा सोपी बाई मिळाली असती. तुला ठाऊक नव्हतं कोणता आकडा बरा. म्हणून माझा विश्वास बसला."

बाईंनी विचारले, ती पोर किती महिन्यांची होती. नोरीनने सांगितले, चौदा.  आत रेवती रडत होती, तरी बाई लगेच गेल्या नाहीत.

हॉबर्टच्या अभ्यासक काटेकोर होत्या. ऐकीव आकडा नोंदीत घेता येत नाही, त्यांनी कळवले. ज्या व्यक्तीने रेघा पाहिल्या आणि मोजल्या तिने सहीनिशी लिहून द्यावे. रेघा कशा गेल्या तेही लिहावे. नोरीनने हे सांगितले तेव्हा सरिताला ते बरे वाटले नाही. आईने आपली चूक कायमची कागदावर का द्यायची, तीही परदेशात? बाई म्हणाल्या की कागदावर दिली म्हणून चूक मोठी होत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ते लिहिले. आधी मराठीत, कारण खरे लिहायचे तर आपल्या भाषेत लिहिते, असे त्यांचे म्हणणे. विनयने शेजारी बसून इंग्रजी केले. एक शब्दही मऊ करायचा नाही अशी त्याला ताकीद होती. त्यांनी ते भिंतीपाशी उभे राहून वाचून दाखवले, म्हणून मला पाठ आहे.

'मी, सुहासिनी पद्माकर शिराळकर, वय सहासष्ट, राहणार कऱ्हाड, सध्या मुक्काम लिक्सलिप, लिहून देते की सदर अंगुस्तानाच्या काठावर आठ उभ्या रेघा होत्या. सात जवळ आणि आठवी अंतरावर व खोल. त्या मी स्वतः मोजल्या आणि मी स्वतः घासून नाहीशा केल्या. मला कोणी तसे करण्यास सांगितले नव्हते. मालकिणीला न विचारता केले.'

नोरीनला मार्च २०२१ मध्ये आणि बाईंना मेमध्ये लस मिळाली, तेव्हा भिंत मधे न ठेवता त्या पहिल्यांदा एकाच बाकावर बसल्या. जुलैत बाई कऱ्हाडला परत गेल्या. जाण्याआधी गोधडी पुरी झाली. शेवटचा हातभर धावदोरा नोरीनने घातला. वाकडा आहे. बाईंनी तो उसवला नाही. शिक्षिकेच्या हिशेबात ही मोठी सवलत म्हणावी लागेल.

मी आता नोरीनच्या खिडकीत असतो. काचेच्या कपाटात नाही. अंड्याने आलेला काळेपणा तिने तसाच ठेवला आहे. तो हॅनाच्या काळचा नाही, २०२० सालचा आहे, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून सांगते.

मित्रांनो, आता निरोप घेतो. जुनी वस्तू हातात आली तर ती स्वच्छ करण्याआधी जिची आहे तिला विचारा. जो मळ वाटतो तो कोणाचा तरी हिशेब असू शकतो. आणि न विचारता घासून बसलात, तर लगेच सांगा. त्या वेळी काय होते, किती होते, हे ज्याने पुसले त्यालाच सगळ्यात नीट आठवत असते. तो गप्प बसला तर ते दुसऱ्यांदा पुसले जाते, आणि ते मग कोणालाच परत आणता येत नाही.

माझ्या अंगावर आता एकही रेघ नाही. हॉबर्टच्या फाइलीत आठ आहेत. त्यांच्याखाली हॅना ब्रूक हे नाव आहे आणि एका साक्षीदाराची सही, देवनागरीत.